मायएसक्यूएलचा ‘ॲक्सेस डिनाइड’ परत परत का येतो: वेब ॲप आणि रूट लॉगिनची दुरुस्ती

टर्मिनलवर रूटने, म्हणजे सर्व हक्क असलेल्या मुख्य खात्याने, लॉगिन होतं. तेच नाव आणि तोच पासवर्ड वेब ॲपच्या कॉन्फिगमध्ये टाकला की ‘ॲक्सेस डिनाइड’. कुठेतरी वाचून रूटचा पासवर्ड बदलला जातो, ॲप चालू होतं, आणि पुढच्या अपडेटनंतर किंवा सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर तीच ओळ पुन्हा समोर येते. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेस सर्व्हरवर पीएचपी, नोड, जावा यांपैकी कशातही ॲप चालवणाऱ्याला हे कधी ना कधी भेटतंच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अशा प्रसंगी बहुतेक वेळा सर्व्हर बरोबर वागत असतो. वेब ॲपने रूटच्या नावाने आत येऊच नये, अशी आताची रचना आहे, आणि आपण त्या रचनेशी झगडत बसतो म्हणून अडचण परत येते. पासवर्ड बदलण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: सर्व्हरने आपल्याला नेमक्या कोणत्या खात्याशी जोडलं? त्याचं उत्तर मिळालं की उरलेलं काम थोडं असतं.

खालच्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाका. उदाहरणासाठी एका ग्रंथालयाचं ॲप धरू. डेटाबेसचं नाव ‘ग्रंथालय’, ॲपच्या खात्याचं नाव ‘ग्रंथ_ॲप’.

आधी एरर पूर्ण वाचा

‘कनेक्ट होत नाही’ एवढंच सांगून कुणालाच मदत करता येत नाही. एररचा आकडा आणि त्यापुढची पूर्ण ओळ लागते. वर्डप्रेससारखी ॲप्स स्क्रीनवर फक्त ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’ दाखवतात, खरी ओळ पीएचपीच्या एरर लॉगमध्ये जाते. ती तिथून काढा. साधारण अशी दिसते:

एरर १०४५ (२८०००): ॲक्सेस डिनाइड फॉर युजर 'ग्रंथ_ॲप'@'१७२.१८.०.५' (युजिंग पासवर्ड: येस)

या एका ओळीत तीन गोष्टी आहेत. कोणत्या नावाने आलात, सर्व्हरला तुम्ही कुठून आलेले दिसलात, आणि पासवर्ड पाठवला होता की नाही. शेवटी ‘नो’ असेल तर तुम्ही पासवर्ड दिला असं तुम्हाला वाटतंय, पण सर्व्हरपर्यंत तो पोचलाच नाही. मग पासवर्ड बरोबर की चूक हा विषयच नाही; कॉन्फिग फाइल वाचली जातेय का, ते बघा. ‘येस’ असेल तर काहीतरी पोचलं आहे. ते तुम्ही लिहिलेलंच असेल असं मात्र धरून चालू नका, त्याचं कारण पुढे येईल.

आकडा वेगळा असेल तर रोग वेगळा. २००२ किंवा २००३ आला म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही, परमिशनचा प्रश्न अजून सुरूच झालेला नाही. ११३० म्हणजे तुमच्या पत्त्यावरून कुणालाच आत घ्यायची सोय केलेली नाही. १०४४ म्हणजे लॉगिन झालं, पण मागितलेल्या डेटाबेसवर हक्क नाही. ११४२ म्हणजे डेटाबेस उघडला, पण त्या टेबलवर ते काम करायची परवानगी नाही. १०४४ आणि ११४२ या एररवर पासवर्ड बदलत बसणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं, आणि तरीही लोक आधी पासवर्डच बदलतात.

१०४४ बद्दल एक बारकावा. मर्यादित हक्कांच्या खात्याने डेटाबेसचं नाव चुकीचं लिहिलं, तर ‘असा डेटाबेस नाही’ असं सांगणारा १०४९ येत नाही, १०४४ च येतो. हक्क नसलेल्याला डेटाबेस आहे की नाही हेसुद्धा सर्व्हर सांगत नाही. विंडोजवर तयार केलेलं ॲप लिनक्सवर हलवताना हे हमखास होतं. विंडोजवर डेटाबेसच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर एकच धरलं जातं, लिनक्सवर ती दोन वेगळी नावं होतात. तेव्हा हक्क तपासायच्या आधी स्पेलिंग तपासा.

रूट आणि १६९८

एररचा आकडा १६९८ असेल आणि ओळीच्या शेवटी ‘युजिंग पासवर्ड’ हा भागच नसेल, तर कारण जवळजवळ ठरलेलं आहे. उबुंटूच्या पॅकेजमधून मायएसक्यूएल ५.७ किंवा पुढची आवृत्ती रूटला पासवर्ड न देता बसवली, की रूट खातं ‘ऑथ_सॉकेट’ या प्लगिनवर, म्हणजे ओळख तपासणाऱ्या जोडभागावर, चालतं. मारियाडीबीने १०.४ पासून हीच पद्धत ‘युनिक्स_सॉकेट’ या नावाने रूटसाठी मूळची केली.

हे प्लगिन पासवर्ड बघत नाही. सॉकेटवरून, म्हणजे एकाच मशीनवरच्या प्रोग्रामांना जोडणाऱ्या फाइलवरून, येणारी प्रोसेस लिनक्सच्या कोणत्या युजरची आहे, हे ते थेट कर्नलला विचारतं. लिनक्सचा युजर रूट आणि डेटाबेसचं खातंही रूट, तर आत. नाही तर बाहेर. म्हणून ‘सुडो मायएसक्यूएल’ पासवर्ड न विचारता उघडतं. तुमचं पीएचपी मात्र डेबियन आणि उबुंटूवर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या युजरच्या नावाने चालतं. त्याने रूटचा कितीही अचूक पासवर्ड पाठवला तरी उपयोग नाही, कारण त्या पासवर्डकडे कुणी बघतच नाही. पीएचपीमायॲडमिनमधून रूटने लॉगिन होत नाही, त्याचंही हेच कारण.

खात्री करायची असेल तर ‘सुडो मायएसक्यूएल’ने आत जा आणि हे चालवा:

शो क्रिएट युजर 'रूट'@'लोकलहोस्ट';

अनेक ठिकाणी ‘मायएसक्यूएल.युजर’ या टेबलातला प्लगिनचा रकाना बघायला सांगतात. मायएसक्यूएलवर ते ठीक आहे. मारियाडीबी १०.४ पासून एका खात्याला एकापेक्षा जास्त पद्धती जोडता येतात आणि त्या रकान्यात पूर्ण चित्र दिसत नाही. ‘शो क्रिएट युजर’ दोन्हीकडे खरं सांगतं.

आता इथे सगळीकडे मिळणारा सल्ला असा, की रूटला ‘मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्ड’वर आणा आणि पासवर्ड द्या. माझा या सल्ल्याला स्पष्ट विरोध आहे. एक तर तो आता टिकणारा नाही. मायएसक्यूएल ८.० ने २०१८ साली ‘कॅशिंग_शा२_पासवर्ड’ हे मूळचं प्लगिन केलं, २०२४ च्या ८.४ मध्ये नेटिव्ह प्लगिन सुरुवातीपासून बंद ठेवलं आणि त्याच वर्षी आलेल्या ९.० मध्ये ते काढूनच टाकलं. जुना सल्ला ८.४ वर चालवला तर १५२४ हा एरर मिळतो: प्लगिन लोड झालेलं नाही. जुन्या सर्व्हरवर तो सल्ला चालून गेला असेल, तर पुढच्या मोठ्या अपडेटला रूटचंच लॉगिन अडकतं.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. रूटचे हक्क सगळ्या डेटाबेसवर असतात, शिवाय ‘फाइल’सारखे सर्व्हरभर चालणारे हक्कही त्याला असतात. ॲपमध्ये एका ठिकाणी एसक्यूएल इंजेक्शनची, म्हणजे बाहेरच्याने आपली क्वेरी घुसवण्याची, फट राहिली, तर मर्यादित खात्यावर नुकसान त्या एका डेटाबेसपुरतं राहतं. रूट असेल तर त्याच सर्व्हरवरच्या बाकीच्या सगळ्या ॲप्सचा डेटाही उघडा पडतो. पतसंस्था, शाळा, दवाखाने यांची ॲप्स एकाच स्वस्त सर्व्हरवर शेजारी शेजारी ठेवली जातात. तिथे हा धोका कागदावरचा नाही. लोकांची खाती, मुलांचे पत्ते, रुग्णांचे रिपोर्ट त्या डेटाबेसमध्ये असतात.

तेव्हा रूटला हात लावू नका. ॲपसाठी खातं काढा:

क्रिएट युजर 'ग्रंथ_ॲप'@'लोकलहोस्ट' आयडेंटिफाइड बाय 'इथे-लांब-पासवर्ड';
ग्रँट सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट ऑन ग्रंथालय.* टू 'ग्रंथ_ॲप'@'लोकलहोस्ट';

या दोन ओळी वेगवेगळ्याच लिहा. पूर्वी ‘ग्रँट’च्या ओळीतच ‘आयडेंटिफाइड बाय’ लिहून खातंही तयार व्हायचं. मायएसक्यूएल ८.० ने ती सोय काढली, म्हणून जुन्या नोंदींतली ओळ चिकटवली की सिंटॅक्स एरर येतो. ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ची इथे गरज नाही. ‘युजर’ टेबलात हाताने ‘अपडेट’ मारलं असेल तरच ते लागतं, आणि तसं हाताने करूच नये.

ॲप स्वतः टेबलं तयार करत असेल, म्हणजे लारावेल किंवा जँगोचे मायग्रेशन चालत असतील, तर ‘क्रिएट’, ‘ऑल्टर’, ‘ड्रॉप’, ‘इंडेक्स’, ‘रेफरन्सेस’ हेही हक्क लागतील. त्यासाठी दुसरं खातं काढावं आणि फक्त मायग्रेशनच्या वेळी वापरावं. रोज चालणाऱ्या ॲपच्या खात्याला ‘ड्रॉप’ची काही गरज नसते. पीएचपीमायॲडमिन लागत असेल तर त्यासाठी वेगळ्या नावाचं, लोकलहोस्टपुरतं ॲडमिन खातं ठेवा. रूट सॉकेटवरच राहू द्या.

नाव एक, खाती दोन

गावात दोन शंकर पाटील असतील तर आपण ‘वरच्या आळीचा’ किंवा ‘मळ्यातला’ असं विचारून घेतो. मायएसक्यूएलमध्ये खातं म्हणजे नाव आणि ठिकाण दोन्ही मिळून. 'ग्रंथ_ॲप'@'लोकलहोस्ट' आणि 'ग्रंथ_ॲप'@'%' ही दोन वेगळी खाती आहेत ('%' म्हणजे कोणतंही ठिकाण). दोघांचे पासवर्ड वेगळे असू शकतात, हक्क वेगळे असू शकतात. एकाचा पासवर्ड बदलला तर दुसऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

सर्व्हर यांतलं एकच निवडतो, आणि ज्याचं ठिकाण जास्त नेमकं ते आधी. ते निवडल्यावर पासवर्ड जुळला नाही तर पुढचं खातं तो बघत नाही, तिथेच नकार देतो. जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये बिननावाचं ''@'लोकलहोस्ट' असं एक खातं असायचं. तुम्ही 'ग्रंथ_ॲप'@'%' काढलं आणि ॲप त्याच मशीनवरून आलं, की लोकलहोस्ट हे '%' पेक्षा नेमकं असल्यामुळे बिननावाचं खातं पुढे घुसतं आणि तुमचा बरोबर पासवर्ड चुकीचा ठरतो. अशा खात्यांना सरळ काढून टाका.

आपण कोण म्हणून आलो आणि सर्व्हरने कोण म्हणून घेतलं, हे बघायला ही ओळ पुरते:

सिलेक्ट युजर(), करंट_युजर();

पहिल्या रकान्यात तुम्ही सांगितलेलं नाव, दुसऱ्यात सर्व्हरने निवडलेलं खातं. दोन्ही वेगळी दिसली तर हक्क दुसऱ्याचे लागू होतात. ‘लॉगिन होतं पण टेबल दिसत नाही’ या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा इथेच सापडतं. ही ओळ टर्मिनलवर चालवून थांबू नका. ॲपच्याच कनेक्शनमधून एकदा चालवा, कारण टर्मिनल आणि ॲप वेगवेगळ्या वाटेने येत असतात.

वाटेचं असं आहे. लिनक्सवर पीएचपी आणि मायएसक्यूएलचं टर्मिनल ‘लोकलहोस्ट’ या नावाचा अर्थ सॉकेट फाइल असा घेतात. ‘१२७.०.०.१’ लिहिलं तर टीसीपीने, म्हणजे नेटवर्कच्या वाटेने, जातात. जावाचा जेडीबीसी ड्रायव्हर आणि नोडचे नेहमीचे ड्रायव्हर ‘लोकलहोस्ट’ लिहूनही टीसीपीनेच जातात. म्हणजे सॉकेटवर चालणारं खातं नोडमधून ‘लोकलहोस्ट’ लिहून चालणार नाही. त्यात सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये ‘स्किप_नेम_रिझॉल्व्ह’ चालू असेल, तर १२७.०.०.१ वरून आलेल्याला सर्व्हर ‘लोकलहोस्ट’ समजत नाही, आणि @'लोकलहोस्ट' असं खातं असूनही नकार मिळतो. तेव्हा @'१२७.०.०.१' असं खातं लागतं.

नोड १७ पासून आणखी एक गोष्ट घडते. ‘लोकलहोस्ट’चा अर्थ आधी आयपीव्ही६ चा पत्ता असा लागू शकतो, आणि उबुंटूवर मायएसक्यूएल फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असतो. मग कनेक्शन नाकारल्याचा एरर येतो. तो परमिशनचा वाटतो, पण नसतो. होस्टच्या जागी सरळ १२७.०.०.१ लिहा.

रेड हॅट, अल्मा, रॉकी या कुटुंबातल्या सर्व्हरवर डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असेल आणि टर्मिनलवरून जोडता येतं पण पीएचपीमधून ‘परमिशन डिनाइड’, कंसात १३, असं येत असेल, तर तो नकार मायएसक्यूएलचा नाही, एसईलिनक्स या लिनक्सच्या सुरक्षा-यंत्रणेचा आहे. ‘एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट_डीबी’ हा बूलियन चालू करा. एसईलिनक्सच बंद करून टाकायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका.

पासवर्ड लिहिला एक, पोचला दुसरा

पासवर्डमध्ये विशेष चिन्हं असावीत हे खरं, पण ती कॉन्फिगमधून नीट पार व्हायला हवीत. ‘.एन्व्ह’ फाइलमध्ये अवतरणचिन्हांशिवाय # आलं, की अनेक लायब्रऱ्या तिथून पुढचं टिप्पणी समजून टाकून देतात. अर्धाच पासवर्ड जातो आणि एररमध्ये ‘युजिंग पासवर्ड: येस’ दिसतं. पासवर्डची सुरुवातच # ने असेल तर काहीच जात नाही, आणि ‘नो’ दिसतं. पीएचपीमध्ये दुहेरी अवतरणात $ आलं तर पुढचं अक्षरांचं टोळकं व्हेरिएबल म्हणून वाचलं जातं. एकेरी अवतरण वापरा. कनेक्शनचा पत्ता यूआरएलच्या रूपात लिहीत असाल तर पासवर्डमधलं @ हे %४० आणि # हे %२३ असं लिहावं लागतं, नाहीतर @ च्या पुढचा भाग होस्टचं नाव ठरतो.

लारावेलवाल्यांनी एवढं कायम ध्यानात ठेवा, की ‘कॉन्फिग:कॅश’ चालवल्यावर ‘.एन्व्ह’ वाचलीच जात नाही. तुम्ही फाइलमध्ये पासवर्ड दहा वेळा बदला, ॲप जुन्याच पासवर्डने जाणार. ‘कॉन्फिग:क्लिअर’ चालवा.

विंडोजवर झॅम्प वापरणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. तिथे रूटला मुळात पासवर्डच नसतो. रूटला पासवर्ड दिला की पीएचपीमायॲडमिन बंद पडतो, कारण त्याच्या ‘कॉन्फिग.आयएनसी.पीएचपी’मध्ये जुनी रिकामी जागा तशीच असते. आणि झॅम्पच्या जोडीला मायएसक्यूएल वेगळा बसवलेला असेल, तर ३३०६ या पोर्टवर नेमका कोण बसलाय ते आधी बघा. ‘सिलेक्ट @@पोर्ट, @@डेटाडीर;’ चालवलं की आपण कोणत्या सर्व्हरशी बोलतोय ते कळतं. एका सर्व्हरवर खातं काढायचं आणि दुसऱ्याला पासवर्ड द्यायचा, हा प्रकार दिसतो त्यापेक्षा फार जास्त ठिकाणी चाललेला असतो.

डॉकरमध्ये पासवर्ड बदलतच नाही

डॉकर ॲप आणि डेटाबेस वेगवेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या डब्यांत, चालवतो; त्यांची मांडणी कंपोज फाइलमध्ये असते. त्या फाइलमध्ये ‘मायएसक्यूएल_रूट_पासवर्ड’ बदलला, कंटेनर पुन्हा चालू केला, तरी जुनाच पासवर्ड चालतो. अधिकृत इमेज हा पासवर्ड फक्त पहिल्यांदा, डेटाची जागा रिकामी असताना वापरते. व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनरबाहेर टिकणाऱ्या साठ्यात, डेटाबेस आधीच असेल तर ती त्या व्हेरिएबलकडे ढुंकूनही बघत नाही. ‘कंपोज डाउन’ने व्हॉल्यूम जात नाही. ‘-व्ही’ लावलं तर जातो, आणि त्याबरोबर सगळा डेटाही जातो. चालू सर्व्हरवर ते करू नका. आत जाऊन ‘ऑल्टर युजर’ने पासवर्ड बदला.

तो बदलताना वरचा नाव आणि ठिकाणाचा नियम विसरू नका. या इमेजमध्ये सहसा 'रूट'@'लोकलहोस्ट' आणि 'रूट'@'%' अशी दोन रूट खाती असतात. कंटेनरच्या आत शिरून लोकलहोस्टच्या रूटचा पासवर्ड बदलला, तर दुसऱ्या कंटेनरमधून येणाऱ्यासाठी जुनाच पासवर्ड राहतो. आणि ॲपच्या कंटेनरमध्ये ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो कंटेनर स्वतः. होस्टच्या जागी कंपोज फाइलमधलं डेटाबेस सर्व्हिसचं नाव लिहा. ॲपचं खातंही @'%' किंवा त्या नेटवर्कपुरतं, म्हणजे @'१७२.१८.%' असं काढावं लागेल.

रीस्टार्टनंतरच का बंद पडतं

सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रकार हा. महिनाभर ॲप नीट चालतं, सर्व्हर रीस्टार्ट झाला की ॲक्सेस मिळत नाही. दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात.

पहिलं साधं आहे. पासवर्ड किंवा सर्व्हरभराचे हक्क बदलले तर आधीपासून उघडी असलेली कनेक्शन्स तशीच चालू राहतात. बदल फक्त नव्या कनेक्शनला लागू होतो. कनेक्शन पूल वापरणारं, म्हणजे कनेक्शन्स उघडीच ठेवणारं, ॲप जुन्या कनेक्शनवर आरामात चालत राहतं. पंधरा दिवसांपूर्वी कुणी पासवर्ड बदलला आणि कॉन्फिगमध्ये लिहायचा राहिला, ते आज रीस्टार्टला कळतं. तोवर काय बदललं होतं ते कुणाच्या लक्षातही नसतं. म्हणून पासवर्ड बदलला की त्याच बैठकीत ॲप रीस्टार्ट करून बघा.

दुसरं कारण ‘कॅशिंग_शा२_पासवर्ड’च्या कामाच्या पद्धतीत आहे. एखादं खातं पहिल्यांदा लॉगिन करतं तेव्हा सर्व्हर पूर्ण पडताळणी करतो. त्यासाठी टीएलएस (कूटबद्ध कनेक्शन), सॉकेट किंवा सर्व्हरची सार्वजनिक किल्ली यांपैकी एक सुरक्षित मार्ग लागतो. एकदा पडताळणी झाली की त्याची खूण मेमरीत ठेवली जाते आणि पुढची लॉगिन्स टीएलएसशिवायही झटपट होतात. सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की ती मेमरी रिकामी. ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ चालवलं तरीही रिकामी.

आता जावाच्या ॲपमध्ये ‘यूजएसएसएल=फॉल्स’ लिहिलेलं असेल, तर रीस्टार्टनंतरच्या पहिल्याच लॉगिनला ‘पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड’ येतो. तेवढ्यात कुणीतरी बघायला म्हणून टर्मिनलवरून त्याच खात्याने लॉगिन करतो. ते टीएलएस किंवा सॉकेटने होतं, खूण पुन्हा मेमरीत जाते, आणि ॲप आपोआप चालू होतं. सगळ्यांना वाटतं, गेला प्रॉब्लेम. पुढच्या रीस्टार्टला तो परत हजर. ‘आपोआप बरं झालं’ असं कुणी सांगितलं की मी आधी हीच शक्यता तपासायला सांगतो.

उपाय म्हणजे टीएलएस चालू करा. मायएसक्यूएल ८ पहिल्यांदा सुरू होताना स्वतःची सर्टिफिकेट्स तयार करतो, त्यामुळे सर्व्हरच्या बाजूला बहुधा फार काही करावं लागत नाही. ‘अलाउपब्लिककीरिट्रीव्हल=ट्रू’ लिहूनही काम होतं, पण मधल्या नेटवर्कवर पूर्ण भरवसा असेल तरच ते लिहा. पीएचपी फार जुनं असेल, ७.४ च्या आधीचं, तर त्याला हे प्लगिन कळतच नाही आणि २०५४ हा एरर येतो. तिथे पीएचपी अपडेट करणं हाच मार्ग. त्या आवृत्त्यांना सुरक्षेचे अपडेट कधीच बंद झाले आहेत.

डेटाबेस हलवल्यावर येणारा १४४९

जुन्या सर्व्हरवर व्ह्यू, ट्रिगर किंवा प्रोसिजर रूटने किंवा आता नसलेल्या खात्याने तयार केले असतील, तर डंपमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या काढलेल्या प्रतीत, ‘डिफायनर’ म्हणून त्याचं नाव येतं. नव्या सर्व्हरवर ते खातं नसलं की लॉगिन होतं, बरीचशी पानं चालतात, आणि एखाद्याच पानावर १४४९ येतो. त्या नावाचं खातं नव्याने काढून हक्क देणं हा आडमार्ग आहे. डिफायनर बदलून ते व्ह्यू आणि ट्रिगर पुन्हा तयार करा.

रूटच बाहेर राहिला असेल तर

उबुंटूवर आधी ‘सुडो मायएसक्यूएल’ करून बघा. बऱ्याचदा काहीच हरवलेलं नसतं. कुणी रूटला पासवर्ड देऊन तो विसरला असेल, तर डेबियन आणि उबुंटूच्या मायएसक्यूएल पॅकेजमध्ये ‘डेबियन-सिस-मेंट’ नावाचं देखभालीचं खातं असतं. त्याचा पासवर्ड ‘/ईटीसी/मायएसक्यूएल/डेबियन.सीएनएफ’मध्ये सापडतो. त्याने आत जाऊन रूटला पुन्हा ऑथ_सॉकेटवर आणा.

तेही नसेल तर ‘इनिट-फाइल’ची वाट धरा. एका फाइलमध्ये रूटची ‘ऑल्टर युजर’ ओळ लिहायची, सर्व्हर सुरू करताना ती फाइल द्यायची, आणि काम झालं की फाइल पुसून टाकायची. उबुंटूवर ॲपआर्मर ही सुरक्षा-यंत्रणा असल्याने तुमच्या होम फोल्डरमधली फाइल सर्व्हरला वाचता येत नाही. ती मायएसक्यूएलच्या डेटा फोल्डरमध्ये ठेवा आणि मालकी मायएसक्यूएल युजरला द्या.

‘स्किप-ग्रँट-टेबल्स’ सगळ्यात शेवटी. ते चालू असताना कुणीही पासवर्डशिवाय आत येऊ शकतो. मायएसक्यूएल ८ अशा वेळी नेटवर्क स्वतःच बंद करतो, पण ५.७ आणि मारियाडीबी तसं करत नाहीत, तिथे ‘स्किप-नेटवर्किंग’ सोबत लिहावंच लागतं. आत गेल्यावर ‘ऑल्टर युजर’ चालवलं तर १२९० येतो. आधी ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ करा, मग पासवर्ड बदला. नंतर कॉन्फिगमधली ती ओळ काढून सर्व्हर पुन्हा सुरू करा, आणि ‘सुडो’ न लावता मुद्दाम चुकीचा पासवर्ड देऊन लॉगिन करून बघा. १०४५ किंवा १६९८ आला पाहिजे.